आजीला सांगायचं का? (कांट, मिल आणि आत्याचा बिघडलेला फोन)

कृष्णाकाठ

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आषाढात माझी आत्या पुण्यात गेली. झोपेतच. सत्तरीची होती, तब्येतीची काही तक्रार नव्हती. तिची आई, म्हणजे माझी आजी, एक्क्याण्णव वर्षांची. ती आमच्याकडे गावी असते, वाळवा तालुक्यात. पेसमेकर बसवलेला आहे, कानाला कमी ऐकू येतं, पण डोकं लख्ख. कुणाच्या लग्नात कोण रुसून बसलं होतं तेसुद्धा सांगते. त्या रात्री बाबा आणि काका "जमिनीच्या कामाला पुण्याला जाऊन येतो" म्हणून निघाले, सगळं उरकून परत आले, आणि ठरलं की आजीला सांगायचं नाही. काकांचं म्हणणं एवढंच: "सांगून थोरली परत येणार आहे का? उगाच हीही जायची."

माझी अडचण अशी की आजीला फोन मी लावून देते. दर रविवारी. पहिल्या रविवारी तिने "थोरलीला लाव" म्हटलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तिचा फोन बिघडलाय." ठरवून नव्हतं. दुसऱ्या रविवारी फोन दुरुस्तीला टाकलेला होता. तिसऱ्या रविवारी मी आत्याला चारधामला पाठवलं, तिथे रेंज नसते म्हणून. आजी म्हणाली, "एवढ्या पावसात?"

आता पंचमी तोंडावर आलीय. आमच्याकडे नागपंचमीला लेकी माहेरी येतात. आत्या सत्तरीतही चुकवायची नाही. आजीने कासाराला थोरलीच्या मापाच्या बांगड्या सांगून ठेवल्यात.

मी दोनदा यूपीएससी दिलीय. सामान्य अध्ययनाच्या चौथ्या पेपरला, नीतिशास्त्राच्या, हेच सगळं पाठ केलं होतं. जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणजे कर्तव्यवाद (परिणाम काहीही होवो, नियम मोडायचा नाही), इंग्रज तत्त्वज्ञ मिल म्हणजे परिणामवाद (ज्यातून जास्त सुख ते बरोबर), दोघांची तीन-तीन वाक्यं, शेवटी सुवर्णमध्य. आता प्रश्न घरात येऊन बसलाय आणि त्या उत्तराचा काडीचा उपयोग होत नाहीये. काका न वाचताच मिलचे चेले आहेत. मला ते पटत नाही, पण कांट तरी कुठे पटतो? कुणी नीट विचार केलेला असेल तर लिहा. "काळच औषध" वगैरे नको, प्लीज.

कडूकारलं

काकांना +१. एक्क्याण्णवाव्या वर्षी सत्य घेऊन काय करायचंय? कांटचं ऐकायचं तर दारात आलेल्या खुन्यालाही "मित्र माळ्यावर लपलाय हो" म्हणून सांगावं लागेल. असल्या माणसाला नीतीचा गुरू कशाला करता? पंचमीला आत्याच्या नावाने बांगड्या भरा, आजी खूश. विषय संपला.

बोरूबहाद्दर

कारलेसाहेब, तो खुन्याचा किस्सा नेहमी अर्धाच सांगितला जातो, म्हणून पूर्ण लिहितो.

ते उदाहरण मुळात कांटच्या विरोधात रचलेलं आहे. बेंजामिन कॉन्स्टंट या लेखकाने एका "जर्मन तत्त्वज्ञा"ला टोमणा मारला की खुनी मित्राचा पाठलाग करत दारात आला तरी खोटं बोलणं गुन्हाच, असं धरून चाललं तर समाजच चालायचा नाही. कांट तेव्हा ७३ वर्षांचा. त्याने १७९७ साली छोटासा निबंध लिहून टोमणा अंगावर घेतला. त्यात गंमत म्हणजे एक तळटीप आहे: हे मी कुठेतरी म्हटलंय खरं, पण कुठे ते आता आठवत नाही.

त्याचा युक्तिवाद वाटतो तितका वेडगळ नाही. समजा तुम्ही खुन्याला म्हणालात, "मित्र बाहेर गेलाय." आणि तुमच्या नकळत तो मागच्या दाराने खरंच निसटला असला, आणि खुन्याला वाटेत सापडला, तर? त्या मरणात तुमचा हात आला. कारण पुढे काय होणार याचा ताबा तुम्ही स्वतःकडे घेतला होता. खरं बोलून जे घडतं त्याला कांट अपघात म्हणतो. खोटं बोललात की पुढचं सगळं तुमच्या खात्यावर.

कृष्णाकाठ, तुमचे तीन रविवार बघा. पहिलं खोटं फोनचं होतं. दुसरं त्या फोनला सांभाळायला. तिसऱ्याला तुम्ही एका गेलेल्या बाईला पावसात हिमालयात पाठवलंत. कांटला हेच म्हणायचंय, फक्त त्याला तुमच्याइतकं चांगलं उदाहरण सुचलं नाही.

पण मला यात कांटपेक्षा कॉन्स्टंट उपयोगी वाटतो. त्याचं म्हणणं होतं की खरं सांगण्याचं कर्तव्य त्याच्यापुरतं, ज्याचा त्या सत्यावर हक्क आहे. खुन्याचा हक्क नाही, म्हणून त्याच्याशी खोटं बोललं तर चालतं. आता ही कसोटी तुमच्या घरात लावा. आत्या गेली या बातमीवर जगात सगळ्यात पहिला हक्क कुणाचा?

कडूकारलं

वकिली छान आहे. हक्क आहे म्हणून आजीला झटका देऊन मारा, असं का? हक्क बजावायला ती जिवंत तर राहू दे.

काडीसारू

मिलच्या वतीने कुणीच नाही म्हणून मी उभा राहतो (काका आहेत, पण ते आंतरजालावर नाहीत).

मिलचा उपयुक्ततावादावरचा लेख १८६१ चा. हा माणूस ३५ वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता, हे अवांतर. लोकांना वाटतं, परिणामवादी म्हणजे सोयीप्रमाणे थापा मारायला मोकळा. मिल तसं म्हणत नाही. तो म्हणतो की आपल्या लहानशा सोयीसाठी मारलेली थापसुद्धा माणसांच्या शब्दावरचा विश्वास थोडा झिजवते, आणि समाजाचं सुख त्या विश्वासावरच उभं आहे. म्हणून हा नियम जवळजवळ पवित्र. मात्र अपवाद आहेत, आणि त्याने उदाहरणादाखल दोन सांगितलेत: दुष्ट माणसापासून माहिती लपवणं, आणि अतिशय आजारी माणसापासून वाईट बातमी लपवणं.

म्हणजे काकांचा खटला मिलने स्वतः लिहून ठेवलाय. पण पुढे तो असंही म्हणतो की अपवाद गरजेपेक्षा जास्त पसरू नये म्हणून त्याच्या हद्दी आधी आखून घ्या. काकांनी हद्द कुठे आखलीय? महिनाभर? दिवाळीपर्यंत? की आजी जाईपर्यंत? "आजचा दिवस नको" हे एका दिवसापुरतं बरोबर असू शकतं. रोज तेच म्हटलं तर तो अपवाद राहत नाही.

माजघर

मला कांट-बिंट कळत नाही, पण अशा घरात मी नांदलेय. सासूबाईंचा भाऊ वारला तेव्हा त्यांना सांगितलं नाही. सव्वा वर्ष. मग एका लग्नात पंगतीला शेजारच्या बाईने सहज विचारलं, "वर्षश्राद्ध झालं का हो तुमच्या भावाचं?" ताटावरून उठल्या त्या. भाऊ गेल्याचं दुःख निराळंच, पण नंतर मरेपर्यंत त्या आम्हाला एकच गोष्ट ऐकवत राहिल्या: "सगळ्या गावाला ठाऊक, मीच परकी."

तुमच्या गावात पंचमीला किती लेकी येतील? कासार येईल तो तरी गप्प बसेल का? तेव्हा सांगायचं की नाही हा प्रश्नच नाहीये, बाळा. कुणाकडून कळायचं एवढंच तुमच्या हातात आहे.

आणि सुतक? लग्न झालेल्या लेकीचं आईवडिलांना तीन दिवस असतं. ते कळल्यापासून धरतात आमच्याकडे. तिला तेवढे तीन दिवस तरी मिळू द्या.

कृष्णाकाठ

माजघर, सुतकाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबांनी आजीच्या नकळत तीन दिवस पाळलं. त्या तीन दिवसांत आजी देवाला फुलं वाहत होती आणि बाबा दारात उभे राहून बघत होते. ते काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून ते आजीसमोर फारसे बसत नाहीत.

काडीसारू, हद्द कुणीच आखलेली नाही.

मोडीवाचक

परदेशी मंडळींना थोडी विश्रांती द्या. हा वाद आपल्याकडे युद्धभूमीवर झालेला आहे, आणि तो "नरो वा कुंजरो वा"च्या नंतर. कर्णपर्वात.

कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर शिबिरात पडलाय. अर्जुन भेटायला येतो. कर्ण अजून जिवंत आहे हे कळल्यावर धर्मराजाचा तोल जातो आणि तो म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. अर्जुनाची प्रतिज्ञा असते की जो असं म्हणेल त्याला ठार करीन. तो तलवार उपसतो. म्हणजे कर्तव्यवाद किती टोकाला जाऊ शकतो बघा: शब्द दिलाय म्हणून सख्ख्या थोरल्या भावाचा गळा.

तेव्हा कृष्ण कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक नावाच्या ब्राह्मणाचं व्रत होतं, कायम खरं बोलायचं. दरोडेखोरांना भिऊन काही लोक त्याच्यासमोरून रानात पळाले. दरोडेखोरांनी विचारलं, ते कुठे गेले? याने खरं सांगितलं. सगळे मारले गेले, आणि कौशिक नरकात गेला. कॉन्स्टंटच्या खुन्याची ही कैक शतकं आधीची आवृत्ती, फक्त निकाल कांटच्या विरुद्ध.

पण कृष्ण अर्जुनाला "प्रतिज्ञा सोडून दे" असं म्हणत नाही. तो म्हणतो, मोठ्या माणसाला "तू" म्हटलं की तो मेल्यासारखाच. अर्जुन युधिष्ठिराला अरे-तुरे करून वाट्टेल ते बोलतो, आणि प्रतिज्ञा पुरी होते. मराठी माणसाला हे लगेच कळेल, आपण अहो-जाहोवरून घरं तोडलेली आहेत.

आता मुद्द्याचं. टिळकांच्या गीतारहस्यात दुसरं प्रकरण आहे, कर्मजिज्ञासा. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं, १९१५ साली छापलेलं. तिथे खऱ्या-खोट्याच्या अपवादांची चर्चा आहे, आपली शास्त्रं आणि इंग्रज नीतिशास्त्रज्ञ एकाच पंगतीला बसवलेत. त्या वाटेने मूळ श्लोकांकडे गेलात तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. मनू आठव्या अध्यायात म्हणतो की खरी साक्ष दिल्याने माणसाचा जीव जाणार असेल तर खोटं बोलावं, ते खोटं सत्यापेक्षाही श्रेष्ठ. आणि लगेच पुढच्या श्लोकात: असं खोटं बोलणाऱ्यांनी सरस्वतीला चरू (शिजवलेल्या भाताचा हविर्भाग) अर्पण करून त्या पापातून मोकळं व्हावं.

पुन्हा वाचा. खोटं श्रेष्ठ होतं. बोलायलाच हवं होतं. तरीही प्रायश्चित्त आहे. मिलच्या हिशोबात बेरीज बरोबर आली की वही बंद. कांट त्या दुकानात जातच नाही. इथे मात्र बरोबर वागूनही काहीतरी देणं शिल्लक राहतं, आणि ते वाणीच्या देवतेचं, कारण वापरलीत ती तिची वस्तू. युधिष्ठिराचंही तसंच. त्या अर्ध्या सत्याने युद्धाचं पारडं फिरलं, पण जमिनीच्या चार अंगुळं वरून चालणारा त्याचा रथ खाली टेकला आणि शेवटी नरकाचं दर्शन चुकलं नाही.

निळीशाई

मनू? खरंच? १९२७ साली महाडला जे जाळलं तेच इथे आजीच्या प्रश्नावर उतारा म्हणून आणताय?

मोडीवाचक

राग मान्य. तोच विधी याज्ञवल्क्यस्मृतीतही आहे, तिथून घ्या. पुस्तक कुणाला पूजायला सांगत नाहीये, एक कल्पना उचलतोय.

निळीशाई

कल्पना बरी आहे, पण प्रायश्चित्ताची सोय असली की खोटं स्वस्त होतं, हेही बघा. चरू शिजवला की मोकळे. आणि ज्याच्याशी खोटं बोललो त्या माणसाचं काय? त्याला काही मिळतं का? सगळं देवी आणि यजमान यांच्यातच मिटतं. मला विचाराल तर चरू आजीपुढे ठेवायला हवा.

नाडीपरीक्षा

पेशाने डॉक्टर. दवाखान्याच्या बाहेर रोज हाच प्रसंग असतो. मुलगा मला पॅसेजमध्ये गाठतो, "डॉक्टर, बाबांसमोर कॅन्सर शब्द काढू नका." आत जातो तर बाबा विचारतात, "माझ्या पोराला धक्का बसू नये म्हणून मी गप्प आहे, काय ते मला सांगा." हे दोघं एकाच खोलीत तीन-तीन महिने राहतात आणि हवापाण्यावर बोलतात.

फक्त आपल्याकडेच असं आहे असं समजू नका. १९६१ साली शिकागोत २१९ डॉक्टरांना विचारलं होतं. त्यातले जवळपास ९० टक्के म्हणाले, रुग्णाला कॅन्सर झाल्याचं न सांगणंच आम्ही पसंत करतो. १९७९ मध्ये तशीच पाहणी अमेरिकेतच पुन्हा झाली, तेव्हा ९७ टक्के सांगण्याच्या बाजूने होते. १८ वर्षांत माणसाचं काळीज काही मजबूत झालं नाही. उपचार सुधारले, रुग्णाच्या हक्कांची जाणीव आली, आणि "सांगितलं तर खचेल" हे डॉक्टरांनी फारसं तपासलेलंच नव्हतं.

तेच काकांना विचारा. पेसमेकर हृदयाचे ठोके सांभाळतो, दुःखाला बंदी करत नाही. तीव्र दुःखात हृदयावर ताण येतो, हे खरं आहे, ते मी नाकारणार नाही. पण "सांगितलं तर मरेल, नाही सांगितलं तर सुखात राहील" या दोन टोकांवर हिशोब मांडलाय, तो चुकीचा आहे. नाही सांगितलं तर ती रोज वाट बघेल. लेक फोन करत नाही, पंचमीला आली नाही, म्हणजे आपलं काय चुकलं? हे दुःख कुणीच मोजत नाहीये.

एक सवय सांगतो. वाईट बातमी देण्याची एक पद्धत २००० सालापासून शिकवतात, स्पाइक्स नावाची, सहा पायऱ्यांची. त्यातली मला सगळ्यात आवडणारी पायरी म्हणजे आधी विचारायचं, "तुम्हाला किती सांगू?" काही जण स्पष्ट म्हणतात, मला नको, मुलाला सांगा. मग गप्प बसणं फसवणूक नसते, ती त्यांनीच सोपवलेली जबाबदारी असते. तुमच्या आजीला कुणी विचारलंय का?

(सांगायचं ठरलंच तर सकाळी सांगा, खाणं आणि गोळ्या झाल्यावर, तालुक्याचा दवाखाना उघडा असताना. संध्याकाळी नको. आणि कानाशी जाऊन, एकाच माणसाने, "गेली" हा शब्द वापरून. "देवाघरी", "लांबच्या प्रवासाला" असलं काही नको, तुम्ही तिला आधीच चारधामला धाडलंय.)

कडूकारलं

डॉक्टर, तुम्ही म्हणता ते एरवी मान्य. पण उद्या सांगितलं आणि रात्री आजी गेली, तर या पोरीला हा धागा जन्मभर डाचेल. तुम्ही-आम्ही लॉगआउट होऊ.

बोरूबहाद्दर

या मुद्द्यावर मी गप्प. कांटही इथे "अपघात" म्हणून सुटतो, ते मला कधीच पूर्ण पटलेलं नाही.

पण त्याच कांटचा एक किस्सा सांगून जातो. १७९४ मध्ये धर्मावरच्या लेखनाबद्दल प्रशियाच्या राजाने त्याला खडसावलं. कांटने लिहून दिलं, "महाराजांचा अत्यंत निष्ठावंत प्रजाजन म्हणून" मी यापुढे धर्मावर बोलणार नाही. राजा १७९७ मध्ये वारला आणि कांट पुन्हा लिहायला लागला. वर छापून सांगितलं की ते शब्द मी मुद्दाम निवडले होते, म्हणजे वचन या राजापुरतंच राहावं.

काडीसारू

म्हणजे प्रशियन कुंजरो वा!

मोडीवाचक

फरक आहे. युधिष्ठिराने समोरच्याची समजूत चुकावी म्हणूनच वाक्य रचलं. कांटनेही तेच केलं म्हणा, पण त्यात राजाचा जीव गेला नाही. असो, विषयांतर नको. कृष्णाकाठ कुठे आहेत?

कृष्णाकाठ

इथेच आहे, सगळं वाचतेय. काल रात्री बाबांना हा धागा वाचून दाखवला. बाकी त्यांनी नुसतं ऐकून घेतलं, कर्णपर्वाला "हं" म्हणाले. माजघर यांची पंगत आली तेव्हा उठून बाहेर गेले. परत आले ते म्हणाले, "दादाला मी सांगतो. पंचमीच्या आधी."

काका ऐकणार नाहीत असं वाटतंय. ते आजीवर माझ्याइतकंच प्रेम करतात, हेही लिहिते. मी वर त्यांना जरा खलनायक केलं.

माजघर

काकांना म्हणावं, तुम्ही शेजारी बसा. बोलू नका, नुसते बसा.

कृष्णाकाठ

सांगितलं.

परवा सकाळी, न्याहारीनंतर. बाबा कानाशी बसले, काका पायाशी. मी दारात. बाबा म्हणाले, "आई, थोरली गेली." आजीने दोनदा विचारलं, "काय?" बाबांना दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा त्यांचा आवाज फुटला. मग आजी म्हणाली, "कधी?" बाबांनी तिथी सांगितली. तिने बोटांवर मोजलं. बराच वेळ मोजत होती, म्हणजे दिवस मोजत होती की आणखी काही, मला माहीत नाही. मग आईला म्हणाली, "अंघोळीला पाणी काढ."

अंघोळ करून आली आणि मग रडली. काका तिच्या पायावर डोकं ठेवून रडत होते. तिने त्यांच्या पाठीवर हात फिरवला.

दुपारी तिने मला हाक मारली. "फोन बिघडलाय म्हणून कोण म्हणालं होतं?" मी म्हटलं, "मी." "आणि चारधाम?" "मीच." तिने मान हलवली आणि कूस बदलली.

कासाराला बाबांनी निरोप दिला होता की बांगड्या नकोत. आजीने त्याला परत बोलावून घेतल्या, पैसे दिले आणि ट्रंकेत ठेवल्या.

कडूकारलं

चुकलो मी. बरं झालं सांगितलंत.

बोरूबहाद्दर

नाही, तुम्ही चुकला नव्हतात. त्या सकाळी काही बरंवाईट झालं असतं तर इथे सगळ्यांनी तुम्हाला +१ दिलं असतं. शेवट नीट झाला म्हणून निर्णय बरोबर होता असं धरलं, तर आपण सगळे काकांच्याच पक्षात गेलो की.

नाडीपरीक्षा

आजींचं बीपी? जेवण, झोप? गोळ्या वेळेवर घेतात ना?

कृष्णाकाठ

बीपी ठीक आहे. झोप कमी. गोळ्या घेते, पण माझ्या हातून नाही. आईला मागते.

निळीशाई

आजीपुढे चरू ठेवा म्हणाले होते मी. शिजायला वेळ लागेल.

कृष्णाकाठ

हो. रविवारी फोन घेऊन शेजारी जाऊन बसले होते, सवयीने. कुणाला लावायचा ते तिने सांगितलं नाही. अर्धा तास बसले आणि मग तिच्या खोलीतला केर काढला.